पुसले म्हणजे गेले का?

१ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया हे अमेरिकन अंतराळयान पृथ्वीवर परत येत असताना वातावरणातच फुटले. कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. यानाचे हजारो तुकडे टेक्सास आणि लुइझियाना या राज्यांत विखरून पडले. गोळा केलेल्या तुकड्यांमध्ये एक हार्ड डिस्क होती. झेनॉन या वायूची विष्यंदिता, म्हणजे त्याच्या वाहण्याला आतूनच होणारा विरोध, मोजण्याच्या प्रयोगातल्या नोंदी तिच्यावर होत्या. डिस्कचा बाहेरचा भाग जळून विद्रूप झाला होता. पण तज्ज्ञांनी आतल्या तबकड्या स्वच्छ केल्या आणि त्यांच्यावरच्या बहुतेक सगळ्या नोंदी वाचून काढल्या. त्या नोंदींवर आधारलेला शोधनिबंध २००८ मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू ई' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

आकाशातून कोसळून, आगीत भाजूनही जी माहिती गेली नाही, तशीच माहिती आपण एक कळ दाबून 'पुसून टाकली' असे समजतो. शाळेतला जुना संगणक मंदावला, की कोणीतरी म्हणते, "एकदा फॉरमॅट मारून टाका." संगणक निर्लेखित करून लिलावात काढायचा ठरला, तरी तेच सांगितले जाते. फॉरमॅट मारला, पडदा कोरा झाला, काम संपले!

खरोखर काम संपलेले असते का? संगणकात 'पुसणे' या एकाच शब्दाखाली चार-पाच वेगवेगळ्या क्रिया होतात. त्यांतली कोणती आपण केली, यावर दोन गोष्टी ठरतात. चुकून पुसलेली फाइल परत मिळेल का, आणि मुद्दाम पुसलेली फाइल दुसऱ्याच्या हाती लागेल का. म्हणून या क्रिया एकेक करून पाहू.

तबकडीवर कोरी जागा नसते

हार्ड डिस्कच्या डबीत ॲल्युमिनिअमच्या किंवा काचेच्या गुळगुळीत तबकड्या असतात. त्यांच्यावर चुंबकीय पदार्थाचा अतिशय पातळ थर असतो. तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे अशा वेगाने फिरतात. त्यांच्या पृष्ठभागापासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर लिहिण्या-वाचण्याची टोके तरंगत असतात. टोकातून विद्युतप्रवाह सोडला, की खालच्या थरातला सूक्ष्म भाग एका दिशेने चुंबकित होतो. प्रवाह उलटा केला, की तो उलट दिशेने चुंबकित होतो. या दिशा आणि त्यांतले बदल यांच्या भाषेतच ० आणि १ हे अंक लिहिले जातात.

इथे पाटी आणि तबकडी यांच्यातला एक फरक ध्यानात घ्यायला हवा. पाटीवर ० लिहिता येते, १ लिहिता येतो आणि पाटी कोरीही ठेवता येते. तबकडीवर ही तिसरी अवस्था नाही. प्रत्येक जागेचे चुंबकत्व कोणत्या ना कोणत्या दिशेने असतेच. त्यामुळे हार्ड डिस्कवर पाटीसारखे पुसणे शक्यच नाही. तिथे पुसणे म्हणजे जुन्यावर दुसरे काहीतरी लिहिणे. हे 'दुसरे काहीतरी' कोणी लिहिलेच नाही, तर जुने तसेच राहते.

या जागेचे समान तुकडे पाडलेले असतात. त्यांना सेक्टर म्हणतात. जुन्या डिस्कमध्ये एका सेक्टरमध्ये ५१२ बाइट मावत, आजच्या बहुतेक डिस्कमध्ये ४,०९६ मावतात. एक टेराबाइटच्या, म्हणजे १०,००,००,००,००,००० बाइटच्या डिस्कवर ५१२ बाइटचे सेक्टर धरले, तर त्यांची संख्या सुमारे १९५ कोटी होते. एवढ्या गर्दीत आपली फाइल नेमकी कुठे आहे, हे संगणकाला कसे कळते?

सातबारा आणि शेत

त्यासाठी डिस्कच्या एका भागात एक नोंदवही ठेवलेली असते. कोणत्या नावाची फाइल कोणत्या सेक्टरांत आहे आणि कोणते सेक्टर मोकळे आहेत, हे तिच्यात लिहिलेले असते. विंडोज, लिनक्स यांसारखी संगणकप्रणाली ही नोंदवही सांभाळते.

गावाच्या उदाहरणाने पाहू. शेत शिवारात असते आणि त्याची नोंद तलाठ्याच्या दप्तरात, सातबाऱ्यावर असते. समजा, सातबाऱ्यावरचे पीक-पाण्याच्या रकान्यातले 'ज्वारी' खोडून 'पड' असे लिहिले. तेवढ्याने शिवारातली ज्वारी नाहीशी होईल का? ती जागीच उभी राहील. जेव्हा कोणी तिथे नांगर घालून दुसरे पीक घेईल, तेव्हाच ती जाईल.

आपण फाइल डिलीट करतो, तेव्हा सातबाऱ्यावरची नोंद बदलते. शेताला कोणी हात लावत नाही.

प्रत्यक्षात पहिल्यांदा तर एवढेही होत नाही. डिलीट केलेली फाइल 'रिसायकल बिन'मध्ये जाते, म्हणजे एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात. ती टोपली रिकामी केली, की मगच नोंदवहीत 'जागा मोकळी' असा शेरा पडतो.

फळ्यावरची हार्ड डिस्क

हे वर्गात समजावायला संगणक लागत नाही. फळ्यावर बारा चौकोन काढा आणि त्यांना क्रमांक द्या. बाजूला 'नाव' आणि 'चौकोन' अशा दोन रकान्यांची यादी करा. फळ्यावरचे चौकोन म्हणजे डिस्क, यादी म्हणजे नोंदवही.

'गणित' ही फाइल १, २, ३ या चौकोनांत लिहा: ग, णि, त. 'भूगोल' ही फाइल ४, ५, ६ मध्ये लिहा: भू, गो, ल. यादीत तशा नोंदी करा. आता एका विद्यार्थ्याला 'भूगोल' डिलीट करायला सांगा. अट अशी, की त्याने फक्त यादीला हात लावायचा. तो 'भूगोल'ची ओळ खोडेल. चौकोनांत भू, गो, ल तसेच असतील.

या क्षणी दुसऱ्या विद्यार्थ्याने चौकोन नीट पाहिले, तर त्याला संपूर्ण 'भूगोल' परत मिळेल. हरवलेल्या फाइली परत मिळवून देणाऱ्या आज्ञावली हेच करतात. त्या यादीवर विसंबत नाहीत, चौकोन पाहत जातात.

आता 'नदी' ही नवी फाइल लिहायची आहे. यादीप्रमाणे ४ पासून जागा मोकळी आहे. म्हणून ४ मध्ये न आणि ५ मध्ये दी लिहा. भू आणि गो कायमचे गेले. पण ६ मध्ये ल अजून आहेच! जुन्या पत्राचे अर्धे पान, जुन्या छायाचित्राचा अर्धा भाग डिस्कवर मिळतो तो असा.

या खेळातून दोन व्यावहारिक नियम मिळतात. महत्त्वाची फाइल चुकून डिलीट झाली, तर त्या डिस्कवर काहीही नवे लिहू नका. संगणक वापरणे लगेच थांबवा, कारण नुसत्या वापरानेही लिहिणे चालूच असते. आणि फाइल परत मिळवून देणारी आज्ञावली त्याच डिस्कवर उतरवू नका. तिनेच 'नदी'चे काम केले, तर 'भूगोल' गेलाच म्हणून समजा.

डॉसच्या काळात ही गोष्ट उघड दिसत असे. फाइल डिलीट केली, की नोंदवहीतल्या तिच्या नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी २२९ ही संख्या लिहिली जाई. बाकीचे नाव तसेच राही. १९९१ मध्ये आलेल्या एमएस-डॉसच्या पाचव्या आवृत्तीत 'अनडिलीट' ही आज्ञा होती. आपल्या लिपीत सांगायचे, तर 'निकाल' ही फाइल ती '?काल' अशी दाखवी आणि पहिले अक्षर आपल्यालाच विचारी. ते सांगितले, की फाइल परत. आजच्या विंडोजमधल्या एनटीएफएस या पद्धतीत नावाचे अक्षर बदलत नाहीत. त्या नोंदीवर फक्त 'वापरात नाही' अशी खूण होते. तत्त्व तेच आहे.

घड्याळ खरे सांगते

संगणकाने खरोखर पुसले की नुसती नोंद बदलली, हे ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. किती वेळ लागला ते पाहा.

मोठा चित्रपट पेनड्राइव्हवर चढवायला काही मिनिटे लागतात. तोच डिलीट करायला एखादा क्षण पुरतो. पुसणे म्हणजे दुसरे काहीतरी लिहिणे असेल, तर पुसायलाही लिहिण्याइतकाच वेळ लागायला हवा. तो लागला नाही, याचा अर्थ पुसलेच नाही.

हीच कसोटी फॉरमॅटला लावा. विंडोजमध्ये फॉरमॅट करताना 'क्विक फॉरमॅट' असा एक चौकोन आधीच खूण केलेला असतो. त्याला काही सेकंद लागतात. या वेळात फक्त नवी, कोरी नोंदवही तयार होते. तलाठ्याचे सगळे दप्तर बदलले, शिवार आहे तसेच. खूण काढून टाकली, तर पूर्ण फॉरमॅट होते. त्याला किती वेळ लागेल? एक टेराबाइटच्या डिस्कवर सेकंदाला १५० मेगाबाइट या वेगाने लिहिले, तर सुमारे ६,६६७ सेकंद, म्हणजे जवळजवळ एक तास ५१ मिनिटे.

पण इथे घड्याळाला एक पुरवणी जोडायला हवी. विंडोज एक्सपीपर्यंत पूर्ण फॉरमॅटलाही वेळ लागे, पण तो प्रत्येक सेक्टर वाचून खराब सेक्टर शोधण्यात जाई. जुनी माहिती जागीच राही. व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये पूर्ण फॉरमॅट करताना सगळीकडे शून्ये लिहिली जातात. म्हणजे एकाच नावाची क्रिया दोन पिढ्यांमध्ये दोन वेगळ्या गोष्टी करते. थोडा वेळ लागला, तर पुसलेले नाही हे नक्की. मात्र खूप वेळ लागला म्हणजे पुसले गेले, असे म्हणता येत नाही.

पहिला सेक्टर

फॉरमॅट एका विभागाचे होते, संपूर्ण डिस्कचे नाही. सी, डी असे विभाग कुठून कुठपर्यंत आहेत, हे जुन्या पद्धतीत डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये लिहिलेले असते. त्या ५१२ बाइटांपैकी ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या छोट्या आज्ञावलीसाठी, ६४ बाइट विभागांच्या तक्त्यासाठी आणि उरलेले २ बाइट ओळखीच्या खुणेसाठी असतात. हा सेक्टर कोणत्याच विभागात मोडत नाही. म्हणून सी विभाग फॉरमॅट केला, तरी त्याला धक्का लागत नाही.

याचा फायदा काही संगणक विषाणूंनी घेतला. १९९२ च्या मार्चमध्ये जगभर गाजलेला मायकेलअँजेलो हा विषाणू याच पहिल्या सेक्टरमध्ये मुक्काम करी. फॉरमॅट करूनही विषाणू जात नाही, अशी तक्रार तेव्हा ऐकू येई, तिचे कारण हेच होते. म्हणून खरी कोरी सुरुवात करायची, तर विभाग मोडून, नवा तक्ता लिहून आणि मग फॉरमॅट करून करावी लागते. आजच्या जीपीटी या पद्धतीत तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. त्यामुळे नुसता सुरुवातीचा भाग बिघडला, तरी तक्ता परत मिळू शकतो.

१५८ डिस्कांची गोष्ट

हे सगळे आपल्याला कशासाठी हवे? २००० ते २००२ या काळात अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या सिमसन गारफिंकेल आणि अभि शेलत या दोघा विद्यार्थ्यांनी जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यांतल्या १२९ चालू होत्या. नीट पुसलेल्या किती निघाल्या? फक्त १२. बऱ्याच डिस्क फॉरमॅट केलेल्या होत्या आणि तरीही वाचता येत होत्या. त्यांच्यावर ५,००० हून अधिक क्रेडिट कार्डांचे क्रमांक, लोकांच्या आजारपणाविषयीचा पत्रव्यवहार, खासगी पत्रे असे बरेच काही होते. एक डिस्क तर बँकेच्या पैसे देणाऱ्या यंत्रातली होती. आपला अभ्यास त्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केला.

आता आपल्या शाळेच्या कार्यालयातला संगणक डोळ्यांसमोर आणा. जनरल रजिस्टरमधल्या नोंदी, जन्मतारखा, जाती, आधार क्रमांक, शिष्यवृत्तीसाठी घेतलेले बँक खात्यांचे तपशील, पालकांच्या उत्पन्नाचे दाखले, मुलांची छायाचित्रे. ही माहिती पालकांनी शाळेवर विश्वास ठेवून दिलेली असते. विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. नवी आवृत्ती न चालणारे असंख्य संगणक त्यामुळे वापरातून जाण्याच्या वाटेवर आहेत. जडसंग्रह नोंदवहीतून ते कमी होतील, भंगारवाल्याकडे किंवा दुरुस्तीच्या दुकानात जातील. डिस्क मात्र बोलत राहील.

किती वेळा पुसायचे?

१९९६ मध्ये पीटर गटमन या संगणकतज्ज्ञाने एक निबंध लिहिला. एकदा वर लिहिले, तरी जुन्या चुंबकत्वाचा पुसट अंश उरू शकतो आणि अतिसूक्ष्म उपकरणांनी तो कदाचित वाचता येईल, असे त्याने मांडले. त्या काळी प्रचलित असलेल्या निरनिराळ्या डिस्कांचा विचार करून त्याने एकूण ३५ वेळा लिहिण्याचा क्रम सुचवला. पुढे हा ३५ चा आकडा लोकांनी मंत्रासारखा धरला. कोणत्याही एका डिस्कला सगळे ३५ फेरे लागत नाहीत, असे शेवटी गटमनलाच सांगावे लागले.

दरम्यान डिस्कवरच्या खुणा इतक्या बारीक आणि दाट झाल्या, की असा अंश शोधणे व्यवहारात अशक्य झाले. अमेरिकेच्या मानके ठरवणाऱ्या 'निस्ट' या संस्थेने २००६ च्या मार्गदर्शिकेत सांगितले, की २००१ नंतरच्या हार्ड डिस्कवर एकदा सर्वत्र लिहिणे पुरेसे आहे. शाळेच्या कामासाठी हे उत्तर लक्षात ठेवावे: एकदाच, पण सगळीकडे.

अगदी मोडून टाकायचेच असेल तर? हातोड्याने डबी चेपवली, तरी आतल्या तबकड्या शाबूत राहू शकतात. कोलंबियाच्या डिस्कने ते दाखवून दिलेच आहे. तीव्र चुंबकीय क्षेत्रात धरून संपूर्ण डिस्कचे चुंबकत्व विस्कटून टाकता येते. पण टोकांना वाट दाखवणाऱ्या खुणाही त्यात जातात आणि डिस्क पुन्हा वापरता येत नाही.

एसएसडीचे नियम वेगळे

आजच्या बऱ्याच संगणकांत फिरणारी तबकडी नसते. त्यांत एसएसडी असते. पेनड्राइव्ह आणि मोबाइलप्रमाणे तिच्यातही फ्लॅश स्मृती असते. फ्लॅशमध्ये माहिती चुंबकत्वाने लिहीत नाहीत. सूक्ष्म कप्प्यांत इलेक्ट्रॉन कोंडून लिहितात. तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात ही स्मृती शोधली. तिचा मोठा भाग एका झटक्यात पुसला जातो, हे पाहून एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याच्या फ्लॅशची आठवण झाली आणि तेच नाव पडले.

म्हणजे हार्ड डिस्कवर नसलेली 'कोरी' अवस्था इथे खरोखर आहे. कप्प्यांतले इलेक्ट्रॉन काढून घेतले, की ते कोरे होतात. गंमत अशी, की या कोऱ्या अवस्थेला ० नव्हे, तर १ मानतात.

पण इथे दोन अडचणी आहेत. लिहिता येते लहान पानावर, पुसावे मात्र लागते अनेक पानांचे संपूर्ण प्रकरण. शिवाय प्रत्येक कप्पा काही शे ते काही हजार वेळाच पुसता येतो, मग तो झिजतो. म्हणून एसएसडीच्या आत एक नियंत्रक असतो. तो झीज सगळीकडे सारखी वाटून देतो. आपण फाइल बदलून पुन्हा साठवली, की तो जुन्या जागेवर लिहीत नाही. नवी प्रत दुसरीकडे लिहितो आणि जुनी नंतर सवडीने पुसतो.

याचे दोन परिणाम होतात आणि ते एकमेकांच्या उलट वाटतात. पहिला असा, की चुकून डिलीट केलेली फाइल एसएसडीवरून परत मिळण्याची आशा कमी. विंडोज ७ पासून विंडोज 'ही जागा आता नको' अशी सूचना एसएसडीला देते. त्या सूचनेला ट्रिम म्हणतात. ती मिळाली, की नियंत्रक थोड्या वेळात ती जागा खरोखर पुसून टाकतो. दुसरा परिणाम असा, की एखाद्या फाइलवर मुद्दाम शून्ये लिहून ती नष्ट केली, असे आपल्याला वाटते, पण ती शून्ये वेगळ्याच कप्प्यांत गेलेली असतात आणि जुनी प्रत कुठेतरी शिल्लक राहू शकते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतल्या संशोधकांनी २०११ मध्ये एसएसडी उघडून, आतल्या चकत्या थेट वाचून हे दाखवले. एका एसएसडीने तर 'सगळे पुसले' असे कळवले होते आणि माहिती तशीच होती.

म्हणून एसएसडीसाठी तिच्या नियंत्रकालाच सगळे पुसायला सांगणारी 'सिक्युअर इरेज' ही आज्ञा वापरतात. ती देण्याची सोय बहुधा एसएसडीच्या उत्पादकाच्या आज्ञावलीत असते. काम झाल्यावर डिस्क खरोखर कोरी आहे का, हे तपासूनही पाहावे.

किल्लीच फेकून द्या

आणखी एक मार्ग आहे आणि तो पहिल्या दिवसापासूनच अवलंबता येतो. डिस्कवर जाणारी प्रत्येक गोष्ट सांकेतिक रूपात लिहायची. विंडोजच्या काही आवृत्त्यांमधील बिटलॉकर किंवा लिनक्समधील लक्स ही सोय हेच काम करते. माहिती वाचायला एक किल्ली, म्हणजे एक लांबलचक संख्या लागते. डिस्क निकाली काढायच्या दिवशी फक्त किल्ली नष्ट करायची. अब्जावधी सेक्टर जागीच राहतात, पण ते वाचणार कोण? अलीकडच्या मोबाइलमध्ये 'फॅक्टरी रीसेट' इतक्या झटपट होऊनही भरवशाचे का असते, याचे उत्तर यात आहे. इथे घड्याळाची कसोटी लागू पडत नाही, कारण पुसायचे असते ते फक्त किल्लीचे काही बाइट. मात्र हीच गोष्ट उलटूही शकते. किल्लीची नोंद सुरक्षित ठेवली नाही, तर आपलीच माहिती आपल्याला कायमची बंद होते.

कोरी सुरुवात करण्याआधी

विकण्यासाठी नव्हे, तर आपणच वापरण्यासाठी संगणक कोरा करायचा असेल, तर आधी विचार करावा. वर्षानुवर्षे चढवलेल्या आज्ञावल्या, सुरू होतानाच कामाला लागणारी त्यांची उपांगे आणि विषाणू यांमुळे मंदपणा आला असेल, तर कोऱ्या सुरुवातीने तो जातो. डिस्कच खराब होत चालली असेल किंवा स्मृती अपुरी असेल, तर कितीही वेळा फॉरमॅट मारा, फरक पडणार नाही.

मग प्रती घ्याव्यात. एक बाहेरच्या डिस्कवर आणि आणखी एक वेगळ्या ठिकाणी. प्रत घेतली म्हणजे झाले, असे नाही. ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. आपल्या शाळांत एक खास अडचण येते. युनिकोडच्या आधीच्या काळातल्या प्रश्नपत्रिका, अहवाल आणि दाखले श्रीलिपी, आयएसएम, आकृती अशा प्रणालींच्या अक्षरांत टंकलेले असतात. फाइलची प्रत घेतली, पण ती अक्षरे जुन्या विंडोजबरोबर गेली, तर उघडल्यावर निरर्थक चिन्हांची रांग दिसते. फाइल वाचली आणि मजकूर हरवला! म्हणून आधी मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा, निदान त्या अक्षरांच्या फाइली सोबत जपाव्यात.

त्यानंतर विंडोजमधल्या 'रीसेट'मधून सगळे काढून टाकण्याचा पर्याय निवडता येतो. संगणक दुसऱ्याकडे जाणार असेल, तर तिथल्या 'क्लीन डेटा'ला होकार द्यावा, नाहीतर वरवरचेच काम होते. जाणकारांच्या 'डिस्कपार्ट' या आज्ञावलीत 'क्लीन' म्हटले, तर केवळ विभागांची माहिती जाते आणि 'क्लीन ऑल' म्हटले, तर सगळीकडे शून्ये लिहिली जातात. एका शब्दाचा फरक आहे. अशा वेळी प्रती असलेली बाहेरची डिस्क आधी काढून बाजूला ठेवावी. चुकीच्या डिस्कचा क्रमांक दिला, तर संगणक तीच पुसेल.

वर्गात करून पाहा

निकामी झाला तरी चालेल असा एक पेनड्राइव्ह घ्या. त्यावर महत्त्वाचे काही नाही, याची खात्री करा.

१. त्यावर वीस-पंचवीस छायाचित्रे चढवा. लागलेला वेळ नोंदवा.
२. सगळी डिलीट करा. वेळ नोंदवा.
३. क्विक फॉरमॅट करा. वेळ नोंदवा.
४. फोटोरेक ही मोफत आज्ञावली संगणकावर चालवून छायाचित्रे शोधा. सापडलेली छायाचित्रे पेनड्राइव्हवर नव्हे, संगणकावर साठवा. किती मिळाली? त्यांची मूळ नावे मिळाली का? नसतील, तर का?
५. आता 'क्विक'ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा. वेळ नोंदवा आणि फोटोरेक पुन्हा चालवा.

चौथ्या पायरीतल्या प्रश्नाचे उत्तर विद्यार्थ्यांनाच शोधू द्या. फळ्यावरची यादी आणि चौकोन आठवले, की ते सापडेल. पेनड्राइव्हमध्येही फ्लॅश असते. मग पाचव्या पायरीनंतर फोटोरेकला काही मिळाले नाही, एवढ्यावरून आत काहीच उरले नाही असे म्हणता येईल का, हा प्रश्न वरच्या वर्गांना जरूर घाला.

शेवटी एक सूचना. संगणक निर्लेखित करताना आपण जडसंग्रह नोंदवहीत त्याचा क्रमांक, खरेदीची तारीख आणि किंमत लिहितो. त्याच ओळीत आणखी एक नोंद करावी: डिस्क कोणी पुसली, केव्हा आणि कोणत्या पद्धतीने. ज्या संगणकापुढे ही जागा रिकामी असेल, तो शाळेच्या फाटकाबाहेर जाऊ देऊ नये.